मांस कमी खा, असे सांगणाऱ्या मोहिमा: त्यांचा इतिहास आणि त्यांचे खरे यश

आठवड्यातून एक दिवस मांस टाळा, हे आवाहन हवामानबदलाच्या चर्चेतून अलीकडे निघालेले आहे का, आणि अशा आवाहनांनी लोकांचे जेवण प्रत्यक्षात कधी बदलले आहे का, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. ही कल्पना मुळीच नवी नाही. राज्यकर्त्यांनी प्रजेला मांस कमी खायला सांगितल्याचे लेखी पुरावे दोन हजार वर्षांहून जुने आहेत. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सविस्तर उत्तर द्यावे लागेल. मी अनेक वर्षे सार्वजनिक पोषणाच्या क्षेत्रात आहे आणि त्यातला बराच काळ शाळा, रुग्णालये व वसतिगृहे यांच्या भोजनगृहांचा आहार ठरवण्यात गेला आहे. या कामातून आणि जुन्या मोहिमांच्या अभ्यासातून माझे एक मत पक्के झाले आहे. मांस उचलल्यावर ताटात जी जागा रिकामी होते, तिथे काय वाढायचे, ते कोणी शिजवायचे आणि त्याचा भार कोणी उचलायचा, हे ज्या मोहिमांनी आधी ठरवले त्यांना यश आले. ज्यांनी फक्त ‘सोडा’ म्हटले त्यांना टाळ्या मिळाल्या किंवा शिव्या मिळाल्या, पण ताट बदलले नाही.

प्राचीन उदाहरणांपैकी सर्वांत मोलाचे उदाहरण सम्राट अशोकाचे आहे, कारण त्याची सुरुवात स्वतःच्या मुदपाकखान्यापासून होते. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील त्याचा पहिला शिलालेख सांगतो की पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरात रोज लाखो प्राणी मारले जात. आता फक्त तीन मारले जातात, दोन मोर आणि एक हरीण, आणि तेही हरीण नेहमी नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. संख्या अतिशयोक्त असेल, पण ‘आधी किती, आता किती, पुढे किती’ असा स्वतःचा हिशेब देऊन मग लोकांना सांगणे, हे आजच्याही मोहिमेला शोभेल असे आहे. नंतरच्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे आणि ठरावीक तिथींना मासेही मारू वा विकू नयेत, असा आदेश आहे. म्हणजे संपूर्ण बंदीऐवजी ‘ठरावीक दिवशी नाही’ हा मार्गही तेव्हाच सापडला होता. जपानमध्ये ६७५ साली सम्राट तेन्मू याने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास चौथ्या ते नवव्या महिन्यापर्यंत मनाई केली. हा शेतीच्या हंगामाचा काळ होता. हरीण आणि रानडुक्कर या यादीत नव्हते. त्यामागे बौद्ध विचार होताच, पण शेतीला लागणारी जनावरे वाचवण्याचा हेतूही इतिहासकारांना त्यात दिसतो.

हेतूच्या दृष्टीने मला सर्वांत बोलके वाटते ते इंग्लंडमधील १५६३ सालच्या कायद्याचे उदाहरण. ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर तिथे उपवासाचे दिवस सैल झाले आणि मासळीची मागणी घटली. मासेमार कमी झाले तर आरमाराला खलाशी कुठून मिळणार, ही राणी एलिझाबेथचा मंत्री विल्यम सेसिल याची चिंता होती. म्हणून शुक्रवार-शनिवारच्या जोडीला बुधवारही मत्स्यदिन ठरवण्यात आला. गंमत अशी की हा दिवस धर्मासाठी पाळायचा आहे, असे कोणी सांगितले तर खोट्या बातम्या पसरवणाऱ्यांना होणारी शिक्षा त्याला होईल, असे कायद्यातच नमूद होते. हेतू इतका स्वच्छ सांगूनही बुधवार लोकांच्या अंगवळणी पडला नाही. लोकांनी त्याला सेसिलचा उपवास असे नाव ठेवले आणि १५८५ मध्ये तो रद्द झाला. मासळीचा पर्याय हाताशी होता, दंडही होता. पण जुना शुक्रवार ज्या श्रद्धेवर टिकला होता, तशी श्रद्धा आरमाराच्या गरजेतून निर्माण झाली नाही.

एकोणिसाव्या शतकात ही हाक सरकारकडून नागरी संस्थांकडे गेली. ३० सप्टेंबर १८४७ रोजी इंग्लंडमधील रॅम्सगेट येथे शाकाहारी मंडळाची स्थापना झाली. सभेचे अध्यक्ष संसद सदस्य जोसेफ ब्रदरटन होते आणि जेम्स सिम्पसन हे मंडळाचे पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेतील मंडळ १८५० मध्ये आणि जर्मनीतील पहिले मंडळ एडुआर्ड बाल्ट्झर यांच्या पुढाकाराने १८६७ मध्ये निघाले. या मंडळांचे आवाहन पूर्ण त्यागाचे होते आणि त्याची सांगड दारूबंदी, आरोग्य व भूतदया यांच्याशी घातलेली होती. १८७३ ते १८८३ या काळात इंग्लिश मंडळाचे अध्यक्ष असलेले फ्रान्सिस न्यूमन यांनी पूर्ण शाकाहारी नसलेल्यांनाही सहयोगी म्हणून सामावून घेण्याची वाट मोकळी केली. निष्ठावंतांना ती तडजोड वाटली. मला मात्र आजच्या ‘कमी खा’ मोहिमांचे मूळ तिथे दिसते, कारण पूर्ण सोडणारा आणि कमी करणारा या दोघांना एकाच चळवळीत जागा द्यावी की नाही, हा वाद त्यानंतर आजपर्यंत थांबलेला नाही.

आपण ज्याला आज मोहीम म्हणतो, म्हणजे भित्तिपत्रके, घोषवाक्ये, वचनपत्रे आणि वाराला चिकटवलेले नाव, ती पहिल्या महायुद्धात घडली. अमेरिका १९१७ च्या एप्रिलमध्ये युद्धात उतरली आणि त्याच ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्यानंतर हर्बर्ट हूवर यांच्या हाती अन्न प्रशासनाची सूत्रे आली. त्यांनी घरगुती शिधावाटप टाळले. ‘अन्नच युद्ध जिंकून देईल’ ही घोषणा घरोघर पोहोचवली, मंगळवार बिनमांसाचा आणि बुधवार बिनगव्हाचा ठरवला आणि स्वयंसेविकांनी दारोदार जाऊन गृहिणींकडून वचनपत्रांवर सह्या घेतल्या. सही करणाऱ्या घराच्या खिडकीत लावायला एक पत्रक मिळे. शेजारणीच्या खिडकीत ते दिसणे आणि आपल्या खिडकीत नसणे, यातून जो दबाव निर्माण होई तो शिधापत्रिकेपेक्षा कमी नव्हता. ‘स्वेच्छेने’ या शब्दाची ही बाजू मोहीम आखणाऱ्यांनी विसरू नये. या मोहिमेबरोबर पाककृती, मका व ओट वापरण्याची प्रात्यक्षिके आणि मासळी, अंडी, चीज व घेवड्यावर्गीय दाणे यांच्या शिफारशी होत्या.

लोकांनी हे आवाहन ऐकले, त्यामागचे आणखी एक कारण सहसा सांगितले जात नाही. अमेरिकेतील पशुपालकांनी या मोहिमेला विरोध केला नाही, कारण त्यांचे नुकसान होत नव्हते. घरच्या ताटातून वाचलेले मांस मित्रराष्ट्रांच्या सैन्यासाठी विकत घेतले जात होते आणि डुकरांना किमान भावाचे आश्वासन होते. खाणाऱ्याने कमी खायचे आणि पिकवणाऱ्याने तेवढेच किंवा अधिक विकायचे, अशी स्थिती शांततेच्या काळात पुन्हा कधीही आली नाही. म्हणून ‘तेव्हा लोकांनी ऐकले, आता का ऐकत नाहीत’ या प्रश्नाला लोकांची देशभक्ती कमी झाली, हे उत्तर अपुरे आहे.

त्याच युद्धात युरोपमध्ये दोन शेजारी देशांनी एकाच संकटाला दिलेली उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत. जर्मनीत १९१५ मध्ये, डुकरे माणसांचे धान्य व बटाटे खातात, या हिशेबाने सुमारे ९० लाख डुकरे मारण्यात आली. आधी मांसाची रेलचेल झाली, मग चणचण आली, खतही कमी पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून सरकारी हुकमाने बिनमांसाचे दिवस पाळावे लागले. डेन्मार्कमध्ये नाकेबंदीमुळे आयात चारा थांबला, तेव्हा डॉक्टर मिकेल हिंडहेडे यांच्या सल्ल्याने डुकरांची संख्या उतरवून बार्ली, राय, कोंडा आणि बटाटे थेट माणसांच्या ताटात वळवण्यात आले. दूध राखले गेले. कोंड्यासह भरड पाव आणि बार्लीची पेज हे तिथले रोजचे अन्न ठरले. हिंडहेडे यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या टंचाईच्या वर्षात, म्हणजे १९१७-१८ मध्ये, मृत्युदर उतरल्याचे दाखवले. याच काळात डेन्मार्कमध्ये दारूही कमालीची महाग झाली होती, त्यामुळे सारे श्रेय मांसकपातीला देता येत नाही. पण देशव्यापी प्रमाणावर पर्याय आधी ठरवून मांस कमी केले, तर लोक उपाशी राहत नाहीत, एवढे तरी त्यातून नक्की दिसते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने मार्च १९४० मध्ये मांसाचे शिधावाटप सुरू केले आणि ते थेट जुलै १९५४ पर्यंत चालले. हे वाटप वजनावर नव्हते, किमतीवर होते, म्हणजे स्वस्त भाग घेणाऱ्याला त्याच रकमेत अधिक मांस मिळे. अमेरिकेने आधी १९४२ मध्ये दर प्रौढामागे आठवड्याला अडीच पौंडांपेक्षा जास्त मांस न खाण्याचे आवाहन केले आणि मार्च १९४३ पासून शिधापत्रिका आणली. या काळातील एक प्रयोग माझ्या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो.

प्रश्न असा होता: चांगले तुकडे सैन्याला जात होते, तर घरोघरी जनावरांचे हृदय, मूत्रपिंड आणि ग्रंथींचे मांस खायला लोकांना कसे राजी करायचे? अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने आहारसवयींवर एक समिती नेमली होती, मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड तिच्या सचिव होत्या. समितीच्या वतीने आयोवा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कर्ट ल्युईन यांनी रेड क्रॉसच्या स्वयंसेविकांचे सहा गट घेतले. प्रत्येकात १३ ते १७ गृहिणी होत्या. तीन गटांना पाऊण तासाचे उत्तम व्याख्यान दिले: जीवनसत्त्वे, खनिजे, तक्ते, युद्धकार्याशी असलेला संबंध, बचत, चविष्ट पाककृतींचे छापील कागद, सारे काही. उरलेल्या तीन गटांत तेवढ्याच वेळात चर्चा घडवली. ‘आपल्यासारख्या बायका हे शिजवायला का कचरतात?’ असे विचारल्यावर वासाबद्दल, नवऱ्याच्या तक्रारीबद्दल, दिसण्याबद्दल बायका मोकळेपणाने बोलल्या. तज्ज्ञ बाईंनी पाककृती सांगितल्या त्या बायकांनी अडचणी मांडल्यावर, आधी नाही. शेवटी, येत्या आठवड्यात यांपैकी एक पदार्थ करून पाहण्याची तयारी कोणाची आहे, म्हणून हात वर करायला सांगितले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी पूर्वी कधी न केलेला पदार्थ वाढला होता. चर्चेच्या गटांत हे प्रमाण ३२ टक्के होते.

हा प्रयोग मांस कमी करण्याचा नव्हता, एका मांसाऐवजी दुसरे मांस खाण्याचा होता, आणि गट लहान होते. तरीही त्यातून निघालेली ‘द्वारपाल’ ही संकल्पना महत्त्वाची आहे. अन्न दुकानातून ताटापर्यंत ज्या वाटेने येते तिच्या दारावर कोणीतरी उभे असते, आणि घरातील सर्वांना पटवण्यापेक्षा त्या एका माणसाच्या अडचणी सोडवणे अधिक फलदायी ठरते. तेव्हा तो द्वारपाल म्हणजे गृहिणी होती. आज त्या जागी पुष्कळदा भोजनगृहाचा आचारी, कंत्राटदार किंवा खरेदी अधिकारी असतो, आणि मोहिमांची पत्रके मात्र अजूनही खाणाऱ्यालाच उद्देशून लिहिली जातात.

युद्ध संपल्यावर तीच युक्ती दुसऱ्यांदा वापरली गेली आणि कोसळली. युरोपातील उपासमारीसाठी धान्य वाचवायचे म्हणून राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ५ ऑक्टोबर १९४७ रोजी, व्हाइट हाउसमधून दूरचित्रवाणीवर झालेल्या पहिल्या भाषणात, मंगळवारी मांस आणि गुरुवारी कोंबडी व अंडी टाळण्याचे आवाहन केले. या कामासाठी नेमलेल्या नागरिकांच्या अन्न समितीचे प्रमुख होते साबणाच्या एका बड्या कंपनीचे तरुण अध्यक्ष चार्ल्स लकमन. गुरुवार निवडताना पंचांग मात्र कोणी पाहिले नव्हते. आभारप्रदर्शनाचा सण तर दरवर्षी गुरुवारीच येतो, आणि त्या वर्षी नाताळ व नववर्षाचा पहिला दिवसही गुरुवारीच येत होता. टर्की पक्ष्याच्या मांसाशिवाय हे सण कसे साजरे करायचे, असा प्रश्न उभा राहिला. कुक्कुटपालकांचा युक्तिवाद अधिक खोल होता: न खाल्लेली कोंबडी खुराड्यात बसून धान्य खातच राहते, मग धान्य वाचणार कसे? त्यांनी निषेध म्हणून जिवंत कोंबड्यांचे खोके व्हाइट हाउसकडे धाडले. गुरुवारची अट मागे घ्यावी लागली. तीस वर्षांपूर्वी उत्पादक मोहिमेच्या बाजूने होता, आता तो विरोधात गेला, आणि फरक पडला तो एवढ्याने.

सोव्हिएत संघातील मत्स्यदिन थोडक्यात नोंदवतो. मांसाच्या टंचाईमुळे १२ सप्टेंबर १९३२ च्या आदेशाने सार्वजनिक भोजनगृहांत तो आला, आणि २६ ऑक्टोबर १९७६ रोजी पुन्हा गुरुवार ठरवून लागू झाला. समजावण्याचा खटाटोप फारसा नव्हता. कारखान्याच्या भोजनगृहात त्या दिवशी मासाच मिळे. तो पाळला गेला, पण आवडीने नव्हे.

१९७० च्या दशकात कारणे बदलली. १९७१ मध्ये फ्रान्सिस मूर लापे यांच्या पुस्तकाने, जनावरांना चारलेल्या धान्यातील फार थोडे प्रथिन मांसाच्या रूपाने परत मिळते आणि भुकेचे एक कारण त्यात आहे, हा विचार सामान्य वाचकांपर्यंत नेला. १९७३ च्या एप्रिलमधील पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील गृहिणींनी महागाईविरुद्ध मांसावर बहिष्कार टाकला. त्याच्या तोंडावर, २९ मार्चला, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना मांसाच्या किमतींवर कमाल मर्यादा जाहीर करावी लागली होती. हा बहिष्कार मांस कमी खाण्यासाठी नव्हता, स्वस्त मांसासाठी होता, हे खरे. पण खाणाऱ्यांचा संघटित नकार किती जोरात ऐकू जातो, ते त्यातून कळले.

सरकारी आरोग्यसल्ल्याच्या इतिहासातील निर्णायक वर्ष मात्र १९७७ आहे. सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जानेवारीत जाहीर केलेल्या आहारविषयक उद्दिष्टांत स्पष्ट वाक्य होते: मांस कमी खा, कोंबडी आणि मासे अधिक खा. हृदयविकार आणि सॅच्युरेटेड फॅट (संपृक्त चरबी, जी मुख्यतः प्राणिजन्य पदार्थांत असते) यांचा संबंध हे त्यामागचे कारण होते. गोमांस उत्पादकांनी गदारोळ केला, नव्याने सुनावण्या झाल्या, आणि डिसेंबरच्या सुधारित आवृत्तीत त्या वाक्याच्या जागी असे वाक्य आले की सॅच्युरेटेड फॅटचे सेवन कमी होईल अशा प्रकारचे मांस, कोंबडी व मासे निवडा. मॅकगव्हर्न स्वतः पशुपालनावर जगणाऱ्या साउथ डाकोटा राज्याचे प्रतिनिधी होते. त्यानंतर सरकारी आहारसल्ल्यांत एक सवय रुजली: जे अधिक खायचे ते नावाने सांगायचे, जे कमी खायचे ते घटकद्रव्याच्या आडून सांगायचे. आज आहारसल्ला वाचताना ‘सॅच्युरेटेड फॅट’ हा शब्द दिसला की त्याच्या मागे कोणता पदार्थ उभा आहे, हे वाचकाने विचारून पाहावे.

१९८५ पासून प्राणिहक्कांच्या कार्यकर्त्यांनी अमेरिकेत दर २० मार्चला मांसत्यागाचा दिवस पाळायला सुरुवात केली. पण वाराला चिकटवलेली मोहीम परत आली ती २००३ मध्ये. निवृत्त जाहिरातदार सिड लर्नर यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयाच्या साहाय्याने बिनमांसाचा सोमवार सुरू केला. गणित साधे होते. सॅच्युरेटेड फॅटचे सेवन सुमारे १५ टक्क्यांनी कमी व्हावे, अशी शिफारस होती, आणि सातातला एक दिवस म्हणजे जवळपास तेवढेच. सोमवार निवडण्यामागे, आठवड्याच्या आरंभी लोक नवा संकल्प करायला अधिक तयार असतात, हा विचार होता. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने, माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातील १८ टक्के वाटा पशुपालनाचा असल्याचे मांडले (२०१३ मध्ये हा आकडा १४.५ टक्के असा सुधारण्यात आला), आणि आरोग्याच्या मोहिमेला हवामानाचे कारण जोडले गेले. २००९ मध्ये पॉल मॅकार्टनी आणि त्यांच्या मुलींनी ब्रिटनमध्ये हीच हाक दिली. २०१४ मध्ये ब्रिटनमध्येच जानेवारी महिनाभर प्राणिजन्य पदार्थ टाळण्याची मोहीम निघाली. विरोधही जुन्याच वळणाचा राहिला: जुलै २०१२ मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या अंतर्गत वार्तापत्रात कर्मचाऱ्यांना सोमवारच्या उपक्रमाची शिफारस करणारा मजकूर आला, तेव्हा गोमांस उत्पादकांच्या संघटनेने हरकत घेतली आणि तो मजकूर लगोलग मागे घेण्यात आला.

इथे तीन युरोपीय उदाहरणे एकत्र पाहणे उपयुक्त आहे. बेल्जियममधील गेंट शहराने मे २००९ मध्ये गुरुवार हा शाकाहाराचा वार जाहीर केला. आरंभ नगरसेवक व अधिकाऱ्यांनी स्वतःपासून केला, शहरात शाकाहारी जेवण कुठे मिळते त्याचे नकाशे वाटले, आणि शरद ऋतूपासून शाळांत त्या दिवशी शाकाहारी जेवण हेच नेहमीचे जेवण ठरवले. ज्यांना मांस हवे त्यांना ते मागून घेता येत होते. जर्मनीत २०१३ च्या निवडणुकीत हरित पक्षाच्या जाहीरनाम्यात भोजनगृहांतील शाकाहारी दिवसाचा उल्लेख होता. एका मोठ्या दैनिकाने ‘हरितवाल्यांना आपले मांस बंद करायचे आहे’ अशा अर्थाचा मथळा दिला आणि उरलेला प्रचार त्याचा खुलासा करण्यात गेला. पक्षाची मते २००९ मधील १०.७ टक्क्यांवरून ८.४ टक्क्यांवर आली. त्याला इतर कारणेही होती, पण पुढे कित्येक वर्षे तो विषय काढायला तिथले राजकारणी धजावत नव्हते. हेलसिंकीतील शाळांत आठवड्यातून एक दिवस सक्तीने शाकाहारी जेवण सुरू झाले, तेव्हा आरंभी त्या दिवशी जेवणारी मुले कमी झाली आणि ताटात टाकून दिलेले अन्न वाढले. या तीन ठिकाणी मागणी जवळजवळ सारखीच होती. फरक होता तो आधी काय केले आणि निवड कोणाच्या हाती ठेवली यात.

भोजनगृहांच्या कामात हे रोज दिसते. मांसाच्या पदार्थातून मांस काढून जे उरते तेच शाकाहारी जेवण म्हणून वाढले, तर पोट भरत नाही आणि दुपारी मुले बाहेर जाऊन मांसच खातात. म्हणजे आपण कपात केली नाही, फक्त विक्रेता बदलला. डाळ, कडधान्ये, अंडी किंवा पनीर यांनी प्रथिनांची जागा भरली, पदार्थाला त्याचे स्वतःचे नाव दिले, ‘शाकाहारी’ अशी वेगळी पाटी लावून त्याला रांगेच्या टोकाला ढकलले नाही, आणि तो रांगेत पहिला ठेवला, तर तोच पदार्थ मांसाहारी माणसेही सहज उचलतात. केंब्रिज विद्यापीठाच्या भोजनगृहांतील ९४ हजारांहून अधिक जेवणांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष याच दिशेचा आहे: उपलब्ध पदार्थांतील शाकाहारी पदार्थांचा वाटा २५ टक्क्यांवरून ५० टक्के केला, तेव्हा शाकाहारी जेवणांची विक्री ४१ ते ७९ टक्क्यांनी वाढली, एकूण विक्री घटली नाही, आणि सर्वाधिक बदल एरवी मांसच घेणाऱ्यांत झाला. त्यासाठी एकही भित्तिपत्रक लावावे लागले नव्हते. फ्रान्सने २०१८ च्या कायद्यानुसार शाळांत आठवड्याला एक शाकाहारी जेवण आणले, न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांनी २०१९ पासून सोमवार स्वीकारला. दोन्हीकडे खरेदी आणि पाककृती यांची व्यवस्था शासनाच्या हाती होती, हे महत्त्वाचे.

श्रद्धेचे बळ अजूनही कमी लेखू नये. इंग्लंड आणि वेल्समधील कॅथलिक बिशपांनी सप्टेंबर २०११ मध्ये शुक्रवारी मांस वर्ज्य करण्याची प्रथा पुन्हा लागू केली. पुढे केंब्रिजच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत सुमारे २८ टक्के कॅथलिकांनी आपल्या आहारात बदल केल्याचे आढळले, आणि त्यातील निम्म्याहून अधिक जणांनी मांस पूर्ण न सोडता कमी करण्याचा प्रयत्न केला होता. जाहिरातीचा खर्च जवळपास शून्य असताना एवढा बदल घडवणारी दुसरी मोहीम माझ्या पाहण्यात नाही.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो: या साऱ्याने एकूण मांसाहार कमी झाला का? जगाच्या पातळीवर नाही. १९६१ मध्ये जगात सुमारे ७ कोटी टन मांस तयार होत होते, आज ते ३५ कोटी टनांच्या वर आहे; लोकसंख्यावाढीपेक्षा ही वाढ बरीच जास्त आहे, आणि तिच्या मुळाशी वाढते उत्पन्न व स्वस्त झालेली कोंबडी आहे. काही देशांत मात्र वळण दिसते. ब्रिटनमध्ये २००८-०९ ते २०१८-१९ या काळात दर माणशी रोजचे मांस सुमारे १०४ ग्रॅमवरून ८६ ग्रॅमवर, म्हणजे जवळपास १७ टक्क्यांनी खाली आले. जर्मनीत दर माणशी वार्षिक खप २०२२ मध्ये ५२ किलोच्या आसपास उतरला, चार वर्षांपूर्वी तो ६० किलोच्या वर होता. यातील किती वाटा मोहिमांचा, किती किमतींचा आणि किती २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला कर्करोगकारक ठरवल्याचा, हे वेगळे करून दाखवता येणार नाही. प्रामाणिक अभ्यासक तसा दावा करत नाही.

याच आकड्यांत एक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला मनापासून अस्वस्थ करते. ब्रिटनमध्ये लाल आणि प्रक्रिया केलेले मांस कमी झाले, पण त्याच दशकात कोंबडीचे प्रमाण वाढले. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर गोमांस उतरले आणि कोंबडी चढत गेली. १९७७ च्या जानेवारीतील ते वाक्य नेमके हेच सांगत होते. हृदयविकाराच्या दृष्टीने हा बदल कदाचित हिताचा, हवामानाच्या दृष्टीनेही बऱ्याच अंशी हिताचा. पण एका गुराइतके मांस मिळवायला शंभराहून अधिक कोंबड्या लागतात, आणि त्यांतील बहुतेक दाटीवाटीच्या शेडमध्ये वाढतात. ज्यांनी प्राण्यांच्या वेदनेसाठी मोहीम चालवली, त्यांच्या दृष्टीने हा पराभवच आहे. ‘मांस कमी’ असे मोघम सांगितले की रिकामी जागा सर्वांत स्वस्त मांस भरून काढते. म्हणून आरोग्य, हवामान की प्राणी, यांपैकी आपले मुख्य कारण कोणते, हे मोहीम आखणाऱ्याने आरंभीच स्वतःशी ठरवावे आणि लोकांनाही सांगावे. तिन्ही कारणे एका पत्रकावर छापली की पत्रक भरगच्च दिसते, पण ताटाला दिशा मिळत नाही.

आपण स्वतः अशी मोहीम हाती घेणार असाल, तर सह्यांची संख्या मोजू नका. स्वयंपाकघरात आठवड्याला प्रत्यक्ष किती किलो मांस खरेदी झाले, ते मोहिमेआधी आणि नंतर मोजा, आणि त्यात कोंबडीची नोंद वेगळी ठेवा. पहिल्या महिन्यात टाकून दिलेले अन्नही तोलून पाहा. खरेदी करणारा आणि शिजवणारा यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. आणि आवाहन कोणाला करायचे याचा विचार करा. २०१९ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय आहार आयोगाच्या अहवालाने लाल मांसाचे प्रमाण दिवसाला १४ ग्रॅम सुचवले, पण त्याच अहवालाने हेही दाखवले की सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेसारख्या काही प्रदेशांत पुष्कळ लोकांना प्राणिजन्य अन्न आजही पुरेसे मिळत नाही. रक्तक्षय असलेली गर्भवती किंवा वाढीच्या वयातील कुपोषित मूल या आवाहनाचे लक्ष्य असू शकत नाही. त्यांच्या ताटातून काही उचलण्याआधी तितक्याच मोलाचे प्रथिन, लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व तिथे पोहोचले आहे का, ते पाहणे ही मोहीम चालवणाऱ्याची जबाबदारी आहे.